रास, घमेलं आणि दादाची कंबर

परवा रविवारी रेणापूरला माहेरी गेले होते. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीनची रास, आणि दादा कंबरेला पट्टा बांधून कट्टे, म्हणजे पोती, भरत होता.

दोन हंगामांपासून त्याची कंबर धरते. परवा तर वैतागून म्हणाला, "औंदाचा हरभरा मी पेरत न्हाई. रान बटईनं देऊन टाकतो." ऐकून मला रडूच आलं. रान दुसऱ्याच्या हाती देऊन दादा दिवसभर करणार काय...

तसं लातूरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याला सगळं शिकवलंय. ओझं अंगाजवळ धरा, गुडघ्यात वाका, वळताना पाय उचलून अख्खं अंग वळवा, नुसती कंबर पिळू नका. त्यांच्यासमोर दादा अगदी शहाण्या मुलासारखं करून दाखवतो.

मला कोडं वेगळंच पडलं होतं. भरलेले जड कट्टे तर हमाल उचलतात. दादा फक्त घमेल्याने सोयाबीन घेतो आणि वहिनीने तोंड उघडून धरलेल्या कट्ट्यात ओततो... एवढ्याने कंबर का धरावी?

म्हणून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, ओट्यावर बसून पाहिला. पुन्हा पाहिला. गुडघे बरोबर वाकत होते, पण पाय? ते जागचे हलतच नव्हते! समोरून घमेलं भरायचं आणि कंबरेतून पिळून बाजूला ओतायचं... दर खेपेला तेच.

"दादा, मॅडमनी पाय उचलून वळायला सांगितलंय ना?"

"आगं, पण पाय ठिवू कुठं?" तो खाली बघत म्हणाला. "समदीकडं दाणं पडल्यात की."

खरंच की... रास आणि कट्ट्याच्या मध्ये सोयाबीन सांडलं होतं. आमच्याकडे राशीवर चप्पल काढूनच जातात, चुकून धान्याला पाय लागला तर पाया पडतात. दाण्यावर पाय पडू नये म्हणून हा बाबा दिवसभर कंबर पिळत होता!

गंमत म्हणजे, "बघ, असं वळायचं" म्हणत मी घमेलं घेतलं आणि माझेही पाय जागीच. आईने लावलेली सवय, लातूरला राहून थोडीच जाते.

वहिनीने कपाळाला हात लावला. "वन्सं, लक्ष्मीला पाय लावायचा न्हाई ते खरं हाय. पर झाडून बाजूला घ्यायला कुणी नको म्हणलंय का?" असं म्हणत तिने केरसुणी आणली आणि पाय ठेवण्यापुरती जागा करून दिली.

दादाने घमेलं उचललं, मोकळ्या जागेत पाय टाकला आणि अख्खा वळला... सोयाबीन थेट कट्ट्यात.

दुखणं पळालं असं मी म्हणत नाही, मॅडमचे व्यायाम चालूच आहेत. पण आज सकाळी फोन केला तर दादा घाईत होता, "हरभऱ्याचं बी आणाया चाललोय, मागून बोलतो." बटईचं त्याने काढलं नाही, मीही विचारलं नाही.

आमच्याकडे केरसुणीलाही लक्ष्मी म्हणतात. इतकी वर्षं नुसतं म्हणत होते... आज मनापासून हात जोडले.