भोईटेसाहेबांचे सत्कार

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, महाराज बाड्याच्या चहाच्या टपरीवर आम्ही रिटायर्ड फौजी सकाळी जमतो. घरी कोणी ऐकत नाही, म्हणून किस्से इथंच साचतात! निम्मे तर आमच्या सुभेदार भोईट्यांचे.

कारगिलच्या पहाडावर शत्रूचा बंकर घेतला म्हणून त्यांना मेडल मिळालं. पण त्यांच्यापुढे आमच्या शेजारच्या भिंडचा रामवीर होता. तो सरळ मशीनगनवर धावून गेला आणि तिथंच पडला, म्हणून भोईटे आत शिरू शकले. धुक्यात रामवीरला भोईट्यांशिवाय कोणी पाहिलं नाही. उजाडल्यावर बंकरवर उभे असलेले भोईटे मात्र सगळ्यांना दिसले! रामवीरला काही मिळालं नाही.

तेव्हापासून साहेबांचा एकच हट्ट: चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं.

*

एका शाळेत सव्वीस जानेवारीला माईक हातात आला. भोईटे म्हणाले, "बच्चों, उस दिन मुझे डर लगा था. रामवीर को भी लगा था. फिर भी वो..."

प्रिन्सिपल मॅडमनी माईकच काढून घेतला! "सर मज़ाक कर रहे हैं. फौजी कभी नहीं डरता!"

मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

*

सराफ्यातल्या एका शेठनं दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं आणि मेडलसकट दारात उभं केलं. गिऱ्हाइकं सेल्फी काढत होती. एका पोरानं विचारलं, "अंकल, कितने मारे?"

"हमारा एक मरा. रामवीर."

"वो नहीं अंकल, उनके कितने?"

*

दसऱ्याला आमच्या मराठा मंडळींची शस्त्रपूजा असते. चौरंगावर पूर्वजांच्या तलवारी, मध्ये भोईट्यांचं मेडल. ते गुरुजींना म्हणाले, "संकल्पात रामवीरचं पण नाव घेऊन टाका."

मंडळाचे अध्यक्ष काका कळवळून म्हणाले, "अहो, इथं आपल्या घराण्यांचीच नावं घेतात. तो कुठं आपल्यातला?"

"माझ्यापुढं धावला तेव्हा मी विचारलं नाही, काका!" भोईट्यांनी मेडल उचललं आणि तडक घरी गेले. मला तर शिट्टी मारावीशी वाटली. घरी वहिनी मात्र उखडल्या, "निदान प्रसाद तरी घेऊन यायचा!"

*

बिर्लानगरात पुन्हा सत्कार ठरला. या खेपेस भोईटे भिंडहून रामवीरच्या आईलाच घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसवलं. म्हाताऱ्या बाईच्या हातून माईक कोण काढून घेणार?

निवेदकानं तिला पाहिलं, आणि कोणाला काही न विचारता सुरू झाला, "धन्य है वो माँ, जिसने भोईटे साहब जैसा शेर जना!" शाल, श्रीफळ, हार. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. भोईट्यांनी माईक घेतला आणि तिच्या हातात दिला.

अम्मा म्हणाली, "हमाओ लड़का तो वहीं रह गओ. रामवीर नाम हतो. " मग भोईट्यांकडे बोट केलं, "जे तो लौट आए."

मग निवेदक पुढे झाला.

"माताजी थोड़ी भावुक हो गई हैं. नाश्ता बाहर लग चुका है!"