साठच्या वर

गुलाबनं चौतीस वर्षं सौंसरच्या पंपहाउसवर काढली. मोटरच्या अंगावर तळहात ठेवून तो तिची तब्येत सांगायचा. बेअरिंग जाणार म्हणाला की आठ दिवसांत जायचंच. म्हणून रिटायर झाल्यावर त्यानं पांढुर्ण्याहून जुनी गाडी आणली, तेव्हा तिच्यातली थरथर आपण चार दिवसांत काढू, असंच त्याला वाटलं.

गाडी हौसेची नव्हती. त्याच्या बायकोचा, प्रमिलाचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात उतरला होता. दर तीन आठवड्यांनी तिला किमोसाठी नागपूरला न्यावं लागे, आणि बसमध्ये तिला बसवत नव्हतं.

साठपर्यंत गाडी सुरळीत चालायची. काटा साठच्या वर गेला की तळातून थरथर उठायची आणि सीटमधून थेट हाडांत शिरायची. मागच्या सीटवर गादी टाकून पडलेली प्रमिला एक शब्द बोलायची नाही. पण आरशात गुलाबला तिचं तोंड दिसायचं, ओठ दातांखाली धरलेला. मग तो पन्नासवर यायचा. मागचे ट्रक हॉर्न मारत पुढे निघून जायचे.

पांढुर्ण्याच्या अभिजीत मिस्त्रीकडे त्याच्या चकरा सुरू झाल्या. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, दोन टायर बदलले, इंजिनचे रबर बदलले. दर वेळी गुलाब मोठ्या आशेनं निघायचा आणि साठच्या वर पुन्हा तेच.

एकदा नागपूरहून परतताना सावनेरच्या पुढे प्रमिला म्हणाली, "ऐकता का जी? तुमी पाय उचलता नं, तवा थांबते थे थरथर. दाबला का पुन्हा चालू होते."

"तू पडून राय. चाकातलंच हाय थे," गुलाब तुटकपणे म्हणाला. त्या दिवशी डॉक्टर तिच्या रिपोर्टबद्दल जे बोलले होते, ते त्याच्या डोक्यात घुमत होतं.

त्यानं रिमही बदलली. आणखी दोन किमो झाले. एक दिवस तो एकटाच अभिजीतकडे निघाला होता. समोर गुरं आली म्हणून त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि थरथर विरली. पाय दाबला, सुरू झाली. पुन्हा उचलला. गाडी कडेला घेऊन तो बराच वेळ स्टीअरिंग धरून बसला.

अभिजीतनं ऐकलं मात्र, लगेच गाडीखाली शिरला. "मंग चाक नोहे काका. एक्सलचा आतला जॉइंट घासला. इंजिनचा जोर आला का थरथरते. तुमच्या ध्यानात कसं आलं हे?"

"माह्या नाही. आमच्या घरच्यांच्या."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"तिनं सांगतलं होतं," गुलाब म्हणाला. "दोन महिने झाले."

दुपारपर्यंत जॉइंट बदलून झाला. परतीच्या रस्त्यावर काटा ऐंशीला टेकला तरी गाडी हादरली नाही. कधी एकदा घरी जाऊन सांगतो, असं त्याला झालं होतं. दारात मुलगी करुणा उभी होती. "बाबा, आईचे पायच हलून नाही राहिले."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बसवू नका, आडवंच आणा. ॲम्ब्युलन्स बोलावली. करुणा आईजवळ बसली आणि गुलाब मागून रिकामी गाडी घेऊन निघाला. सबंध रस्ताभर गाडी जराही थरथरली नाही.

दवाखान्यात तो तिच्या कानाशी वाकला. "जॉइंटच होता वं. तू म्हणे तसाच."

"मंग? म्या सांगतलं होतं नं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं. "आता वापस जातानी जोरात चालवजा."

अकराव्या दिवशी ती गेली.

उन्हाळ्यात लोधीखेड्याचा मयूर नावाचा मुलगा गाडी पाहायला आला. गुलाब त्याच्या बाजूला बसला. मोकळा रस्ता लागला तसा मयूरनं वेग वाढवला आणि खूश होऊन म्हणाला, "काका, लय मस्त चालून राहिली! एवढी चांगली गाडी काऊन विकता?"

"जरा थांबव बापू," गुलाब म्हणाला. "मले इथंच उतरू दे."

"काय झालं जी?"

"काही नाही. तू मार एक चक्कर."

रस्त्याच्या कडेला एक संत्र्याचा बगीचा होता. गुलाब त्याच्या कुंपणाला धरून, रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मयूर दोन चकरा मारून आला, तरी तो वळला नाही.