पायघड्यांची अट

"कपडे मागच्या दारानं न्यायचे असतात. घरी कोणी शिकवलं नाही का तुला?"

तात्यासाहेब ओसरीवर उभे राहून मला म्हणाले. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. देवासच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. खांद्याला पर्स, हातात फाइल. आणि मी धारला त्यांच्या दारात आले होते ती कपडे न्यायला नव्हे. त्यांच्या शेजारचं त्यांचंच दुसरं घर विकाऊ होतं, ते घ्यायला.

मागून दलाल धावत आला. "तात्यासाहब, यही तो पार्टी हैं. बाजूवाला मकान देखने आई हैं."

तात्यासाहेबांनी मला पुन्हा न्याहाळलं. वडिलांचं नाक माझ्याकडे आलंय, त्यावरूनच आधी कपडे न्यायला आलेली समजले होते; आता नीट ओळखलं. हसले. चुकलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

"अगं, तू आपल्या परटाची ना?"

आपल्या. आमच्या घरातली भट्टी वडिलांबरोबरच विझली. धाकटा भाऊ सरकारी नोकरीत लागला, मी शिकून देवासला गेले. त्या गल्लीत मात्र मी अजून परटाची. तीही त्यांच्या मालकीची.

घर बघून झालं, बसलो. दलालाला खुर्ची मिळाली. मी ओसरीच्या कडेला टेकले. तिथे बस असं कोणी म्हटलं नव्हतं. पाय आपोआप गेले. त्याचा राग मला आजही तात्यासाहेबांपेक्षा माझ्या पायांवर जास्त आहे.

घर कशासाठी हवं होतं ते सांगते. खाजगी कारखाना, पेन्शन नाही. साठल्या पैशात एकच घर होणार होतं, आणि म्हातारपण त्याच्या भाड्यावर काढायचं होतं. जागा चुकली तर दुसरी संधी नाही. नवरा म्हणाला, "याद्या तुझ्या, पायपीट तुझी, तूच बघ." मी बघितलं. भाडेकरू कोण येतील, किती टिकतील, उन्हाळ्यात पाणी राहतं का, नळ गळला तर मला पोचायला किती वेळ लागेल.

देवासला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत एक घर होतं. हाटपिपल्या, लोहारदा अशा गावांकडची पोरं वळकटी घेऊन कामाला येतात आणि आल्या आल्या खोली शोधतात. देवासात पाण्याची ओरड जुनी, पण या घराला स्वतःचं बोअरिंग होतं. माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. धारला कॉलेजसाठी कुक्षीहून आलेली मुलं, नाहीतर बदलीवरचे बाबू. मुलं सुट्टी लागली की खोली सोडून जातात, बाबू बदली झाली की. आणि नळ गळला तर बस धरून इंदूरला जा, तिथे बस बदला, अख्खा दिवस घालवा.

प्रत्येक मुद्द्यावर देवास सरस ठरत होतं. तरी यादीत सगळ्यात वर मी धार लिहिलं होतं. मोजल्याशिवाय साधा नटबोल्ट आत न घेणारी मी. का लिहिलंय, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तात्यासाहेब त्या दिवशी गोड बोलले. इंदूरचा एक व्यापारी मागे लागलाय, पण पिढ्यान्‌पिढ्या ओळखीतल्या माणसाला द्यायला बरं वाटतं. भावातही सांभाळून घेईन. मग म्हणाले, "फक्त एक. नातवाचं लग्न आहे. पायघड्या तुमच्या घरच्यांनीच घालायच्या. तुमचा मान आहे तो."

आमच्याकडच्या या जुन्या दरबारी घरांत ही रीत अजून चालते. वर गाडीतून उतरला की फाटकापासून मांडवापर्यंत त्याचे पाय मातीला लागू द्यायचे नाहीत. परटानं पांढरी वस्त्रं अंथरायची. तो एकावरून दुसऱ्यावर गेला की मागचं उचलायचं, धावत पुढे जायचं, त्याच्या पायापुढे घालायचं. वाकून. शेवटी नारळ आणि धोतरजोडी मिळते. याला मान म्हणतात.

लहानपणी मी वडिलांबरोबर तो मान केलाय. याच घरातलं लग्न. मागची वस्त्रं गोळा करून पुढे देणं माझं काम. एका पाहुण्याचा बूट माझ्या बोटांवर पडला. तो कोणाशी तरी बोलत उभा होता, त्याला कळलंच नाही. मी ओरडले. शेजारी तरुण तात्यासाहेब होते. म्हणाले, "हात मध्ये कशाला आणतेस?" लोक हसले. वडीलही हसले. बोटं नंतर बरी झाली.

त्या दिवशी ओसरीवर मी तात्यासाहेबांना विचार करून सांगते म्हटलं आणि भावाकडे गेले. भाऊ धारलाच असतो. अट ऐकून तो खूश.

"ताई, घर पण मिळतंय अन्‌ मान पण. और क्या चाहिये? तू वाकूसुद्धा नको, मी घालतो."

परतीच्या बसमध्ये फाइल उघडली. ही अट कुठे लिहायची ते ठरेना. खर्चात? फायद्यात? इंदूरला बस बदलली, तरी जागा कोरीच. आणि मग धार वर का होतं ते कळलं. मला भाडं नको होतं. त्या गल्लीतल्या कोणीतरी एकदा "या बाई, बसा" म्हणायला हवं होतं. त्या एका "या"साठी मी माझं म्हातारपण द्यायला निघाले होते. आणि तो "या"सुद्धा ते वाकल्याशिवाय देणार नव्हते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा धारला गेले. फोनवर सांगता आलं असतं. समोर बसून सांगायचं होतं. या वेळी खुर्ची ओढली आणि बसले.

"घर नको मला," मी म्हटलं. "आणि पायघड्या मंडपवाल्याकडे भाड्यानं मिळतात. लाल गालिचाही मिळतो."

तात्यासाहेबांना आधी थट्टाच वाटली. मग चेहरा बदलला. "मान नाकारतेस? तुझा बाप असता तर रडला असता."

"रडले असते. तुम्ही त्यांना दुसरं काही मागू कुठे दिलंत?"

उठले आणि आले. जिंकल्यासारखं वाटलं नाही.

लग्न झालं. पायघड्या भावानं घातल्या. घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. पांढरं वस्त्र, वराचे कोरे बूट, आणि खाली वाकलेला माझा भाऊ. त्यावर नातेवाइकांचे जोडलेले हात. मी तो स्टोअरमध्ये, माल उतरवून घेताना पाहिला. भाऊ आता माझ्याशी बोलत नाही. ताई लय शहाणी झाली, असं वहिनीजवळ म्हणतो. मी त्याला समजवायला जाणार नाही. त्याची पाठ आहे.

घर मी देवासला घेतलं. रजिस्ट्री झाली त्याच आठवड्यात नव्या घरासमोरचे गृहस्थ पेढे घेऊन आले. आमच्याकडे येऊन बसा म्हणाले, दीदी म्हणाले, आप तो अपने ही लोग हो म्हणाले. मग आवाज खाली आणून, "किराएदार रखो तो जरा सरनेम देख लेना. मोहल्ला साफ है अपना."

जो "या" मला धारला मिळाला नाही तो इथे पेढ्यांसकट घरपोच आला होता. बदल्यात फक्त कुणाला तरी दारातून परत लावायचं होतं. वाकायचं मी नव्हतं या खेपेला. दुसऱ्याला वाकवायचं होतं.

पेढे मी परत दिले. सांगितलं, काम कुठे करता, माणसं किती, भाडं किती तारखेला द्याल, एवढंच मी विचारते. आडनाव पोलीस पडताळणीच्या कागदाला लागतं, तिथे लिहीन. दारात विचारणार नाही. ते म्हणाले, "सोच लो दीदी, रहना तो सबके बीच में है."

सोचलं. भाडेकरू ठरलेत. लोहारद्याचं जोडपं, तो पॅकिंगला आहे, ती शिवण करते. त्यांचं आडनाव गल्लीला माझ्याआधी कळलं. एक महिना घर रिकामं ठेवा, आम्ही चांगला किराएदार देतो, असा निरोप आलाय. रविवारी सामान यायच्या वेळेला काही जण येणार आहेत म्हणे, मला समजवायला.

येऊ देत. किल्ली मी त्यांच्यासमोरच देणार आहे.