दुखणं लिहून देणाऱ्या शरयूताई

शरयूताई देवस्थळींना मी पहिल्यांदा भेटले ती दुबईतल्या त्यांच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये, मुलाखतीला गेले तेव्हा. मी श्रीवर्धनची, नुकतीच पदवी घेतलेली, आणि मंदीने शहरात अशी दाणादाण उडवलेली की नोकरीची जाहिरात दिसणं हेच नवल. ताईंनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. काचेपलीकडे एक गृहस्थ चालत होते. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांचं काय दुखतंय, सांग."

"रिपोर्ट बघितल्याशिवाय कसं सांगू, मॅडम?"

"रिपोर्ट नंतर. आधी माणूस बघ. आणि मॅडम नको, ताई म्हण."

उत्तर मला आलं नाही, नोकरी मात्र मिळाली. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांचा व्यासंग, त्यांची शिबिरं, त्यांचे विद्यार्थी यांबद्दल अधिकारी मंडळी लिहितीलच. मी फक्त एका गुडघ्याबद्दल लिहिणार आहे. त्यात माझी फजिती आहे, पण ताई कळायच्या तर ती सांगायलाच हवी.

तो गुडघा केंजीचा. केंजी जपानी, दुबईतल्या एका कंपनीच्या फुटबॉल संघाचा मिडफिल्डर. सामनाभर सगळ्यात जास्त धावणारा. २००८च्या पडझडीत कंपनी बुडाली, संघ खलास झाला, आणि तिशीला टेकलेला हा खेळाडू मरीना भागातल्या टॉवरमध्ये बेकार बसला. वर्षभराने इंग्लंडच्या एका क्लबने त्याला जानेवारीत चाचणीसाठी बोलावलं. या वयात दुसरी संधी येणार नव्हती. क्लबला आमच्या क्लिनिकचा तंदुरुस्तीचा अहवाल हवा होता. तपासणी मी केली. त्याने हसून "नो पेन" म्हटलं आणि मी तसं लिहून मोकळी झाले. ताईंची सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात गणपती आले. ताईंच्या करामा वस्तीतल्या घरी दरवर्षी क्लिनिकच्या सगळ्यांना जेवण असे, खाली चटयांवर पंगत. केंजीलाही बोलावलं होतं. तो उजवा पाय लांब पसरून बसला. ताईंची लेक म्हणाली, "आई, ही इज नॉट कम्फर्टेबल. गिव्ह हिम अ चेअर." आम्हा सगळ्यांना ते पटलं, परदेशी माणूस, त्याला कुठली जमिनीवर बसायची सवय!

ताई मोदक वाढता वाढता थांबल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, हे लोक लहानपणापासून गुडघे दुमडून बसतात. आपल्यापेक्षा छान बसतात. मग हा पाय का पसरतोय?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः गुडघा तपासला. पूर्ण दुमडला की केंजीच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं. गुडघा दुखतो, हे त्याने शेवटी कबूल केलं.

अहवालात आता दुखण्याची ओळ येणार, हे कळताच त्याचा एजंट धावत आला. "मॅडम, बस वो एक लाइन निकाल दो. बच्चे का करिअर है."

"लाइन निकालूँगी तो घुटना ठीक हो जाएगा क्या?" ताईंनी विचारलं.

त्यांनी अहवाल नव्याने लिहिला. गुडघा कुठे दुखतो, कुठे नाही, जानेवारीपर्यंत कोणते व्यायाम करून घेणार, सगळं. 'आमच्या पहिल्या तपासणीत हे लक्षात आलं नाही,' असंही लिहिलं. मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे, माझं नाव घाला." त्या म्हणाल्या, "वर क्लिनिकचं नाव छापलंय, तुझं नाही. तू आता चांगलं शिक म्हणजे झालं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे त्यांना आज वाचूनच कळेल.

केंजी मात्र संतापला. त्याच्या मते ताईंनी त्याचं दार बंद केलं होतं. तरी रोज सकाळी तो ममझरच्या किनाऱ्यावर येई आणि ताईंच्या देखरेखीखाली कमरेएवढ्या पाण्यात चालण्याचा व्यायाम करी. दोन आठवडे ताईंकडे पाठ करूनच चालला. ताईही कमी खट नाहीत. एक दिवस चुकवू दिला नाही.

मग इंग्लंडहून क्लबच्या डॉक्टरांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला. ते म्हणाले, "आमच्याकडे आलेले बाकीचे सगळे अहवाल इतके निर्मळ आहेत, की आम्हाला त्यातलं काहीच कळत नाही. तुम्ही दुखणं लिहिलंत, म्हणून 'बरं होईल' हेही खरं वाटतं. त्याला पाठवा." केंजी कोपऱ्यात उभा होता. तो ताईंसमोर इतका वाकला की ताई घाबरून म्हणाल्या, "अरे, कंबर सांभाळ." जानेवारीत चाचणी झाली आणि त्याला करार मिळाला.

केंजी तिकडे कितीतरी मोसम खेळला. या ग्रंथासाठी मी त्याला दोन ओळी मागितल्या. त्याने लिहिलं: 'खेळणं कधी थांबवायचं, हे मी ठरवलं. माझ्या गुडघ्याने नाही. हे शरयूसानमुळे.' 'सान' हे त्यांच्याकडचं आदराचं संबोधन, आपल्या 'ताई'सारखं.

ताई, तुमच्यासाठी याहून मोठं मागणं मला सुचत नाही. काम कधी थांबवायचं ते तुम्हीच ठरवा, तुमच्या हातापायांना ते ठरवू देऊ नका. आणि तुमचा स्वभाव आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही ते इतक्यात ठरवणार नाही. इन्शाल्ला, तुमच्या पंचाहत्तरीचा लेखही मीच लिहीन, आणि तो तुम्ही क्लिनिकमध्ये दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वाचाल.