आईंच्या मोबाइलवरचा अर्धा डाव

लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. कारण असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांत मी पहिली. आम्ही बौद्ध. घरात हॉलच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. भूत-प्रेत, नवस, अंगात येणं, दृष्ट काढणं यातलं काही आमच्याकडे चालत नाही. ऑफिसात कुणी 'मॅडम, उस कमरे में कुछ है' म्हणालं की 'हो, धूळ आहे' असं उत्तर देणारी बाई मी. तरीही हे घडलं आहे आणि माझ्याच घरात घडलं आहे. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

आधी माणसं सांगते. मी वर्षा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. जन्म दिल्लीचाच, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी घुसली तर सांभाळून घ्या. नवरा मिलिंद, तोही सरकारी नोकरीत, सतत टूरवर. मुलगी संघमित्रा, म्हणजे आमची मित्रा, कॉलेजात. आणि सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. आम्ही राहतो लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, हॉल आणि मागच्या बाजूला गॅलरी.

सासरे गेले तेव्हा आईंना वर्ध्याहून इकडे आणलं. दिल्ली त्यांना अजिबात आवडली नाही. शेजारी हिंदी, टीव्ही हिंदी, भाजीवाला हिंदी. दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या, विचारलं तरच बोलायच्या. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. आता मन कसं रमवायचं हे काही त्यांनी लिहून दिलं नव्हतं! शेवटी मित्राने त्यांच्या मोबाइलवर एक लुडोसारखा गेम टाकून दिला. सोंगट्या, फासा, चार घरं... आई लहानपणी अंगणात खडूने पट आखून चिंचोक्यांनी खेळायच्या, त्यातलंच हे.

आणि आमच्या घरात जे महाभारत सुरू झालं, ते विचारू नका.

फायदा झाला हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. महिन्याभरात आई हसायला लागल्या. वर्ध्याची बहीण, नागपूरचा भाचा, त्याची बायको, सगळ्यांशी डाव मांडायला लागल्या आणि खेळता खेळता गावच्या बातम्याही कळायला लागल्या. कडक झालेली बोटं सुटी झाली. इंग्रजी आकडे आले. मित्राशी त्यांची अशी गट्टी जमली की दोघी मिळून मला हसायच्या.

पण तोटेही बघा की. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या नाहीत, दोनदा डाळ करपली. अंगठा दुखायला लागला, डॉक्टरांनी पट्टा दिला, तर पट्टा लावून खेळायच्या. पाहुणे आले की 'बसा' म्हणून पुन्हा मान खाली. सर्वांत राग यायचा तो एका गोष्टीचा. फोन आला की चालू डाव अडतो, म्हणून आई दुपारी फोन उचलायच्याच नाहीत. ऑफिसातून मी किती वेळा फोन करावा? मिलिंदला सांगितलं तर म्हणे, जाऊ दे यार, म्हाताऱ्या माणसाला एवढाच विरंगुळा आहे. बाहेरून बोलायला याचं काय जातं!

माझ्या स्वतःच्या मोबाइलमध्ये एकही गेम नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आई अधूनमधून म्हणायच्या, वर्षा, एक डाव तू पण खेळ. मी हसून सोडून द्यायचे.

आता तो दिवस. जानेवारी, दिल्लीची ती हाडं गोठवणारी थंडी, दुपार झाली तरी धुकं उठलेलं नाही. मिलिंद गुवाहाटीला, मित्रा कॉलेजात. दिवाळीनंतर हवा इतकी खराब झाली होती की मित्राच्या खोकल्यासाठी आम्ही खिडक्यांच्या सगळ्या फटी टेप लावून बंद केल्या होत्या. आणि त्या दिवशी सकाळीच आईंच्या खोलीतला हीटर बंद पडला. मी म्हटलं, आई, आजचा दिवस दोन रजया घ्या, संध्याकाळी दुरुस्त करून आणते.

आईंनी स्वतःची अक्कल चालवली. वर्ध्याहून आणलेली लोखंडी शेगडी आमच्याकडे होती, गॅलरीत भरताची वांगी भाजायला वापरायचो. आईंनी गॅलरीत कोळसे पेटवले, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबल्या आणि मग लालभडक निखाऱ्यांची शेगडी आत आणून खोलीचं दार लावून घेतलं. वर्ध्याच्या घरात हेच चालायचं. पण तिथे वर कौलं. कौलांच्या फटींतून हवा येत-जात राहते, कुणाला कधी काही झालं नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. इथे वर सिमेंटचा स्लॅब आणि खिडक्यांना टेप. दिल्लीत दर हिवाळ्यात अंगीठीच्या गॅसने माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या येतात. त्या आम्ही वाचायचो, 'अरेरे' म्हणायचो आणि पान उलटायचो. आपल्या घरातली शेगडी म्हणजेच ती अंगीठी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी त्या वेळी एका मीटिंगमध्ये होते. आमच्याकडे काही मीटिंगांना मोबाइल आत नेता येत नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये लाकडी कप्पे आहेत, फोन स्विच ऑफ करून कप्प्यात ठेवायचा, कुलूप लावायचं, किल्ली आपल्यापाशी. मीटिंग जेवणानंतर सुरू झाली आणि लांबत गेली. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर.

बाहेर आले, फोन चालू केला तर नीलम भाभींचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. नीलम भाभी आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहतात, आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. फोन लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "वर्षा, घबराना मत, माताजी ठीक हैं, हम हॉस्पिटल में हैं." ऑटोत बसले, पण रस्ता कुठला आणि सिग्नल कुठले, मला काही आठवत नाही.

नीलम भाभी वाळत घातलेले कपडे काढायला त्यांच्या गॅलरीत आल्या होत्या. बघतात तर समोर आमच्या गॅलरीत आई फरशीवर बसलेल्या. अंगावर शाल नाही, मान कलंडलेली, हातात मोबाइल. हाक मारली तर नुसत्या बघत राहिल्या. भाभी किल्ली घेऊन धावत आल्या, खोलीत पाऊल टाकलं तर त्यांचंच डोकं गरगरायला लागलं. खिडक्यांच्या टेपा ओढून काढल्या, शेजाऱ्यांना बोलावलं आणि आईंना गाडीत घातलं. डॉक्टर मला म्हणाले, त्या बाहेर येऊन बसल्या म्हणून वाचल्या, खोलीतच राहिल्या असत्या तर झोपेतून उठल्याच नसत्या.

मी आत गेले. आईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून त्यांनी तो बाजूला केला आणि विचारलं, "तुझं नेट आलं का वं?"

मला वाटलं, गॅस डोक्यात गेलाय, बरळतायत. मास्क पुन्हा लावला, हात धरून बसले आणि पोटभर रडले.

संध्याकाळी मित्रा आली. तोवर आई चांगल्या शुद्धीवर होत्या. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते असं. शेगडीमुळे खोली छान ऊबदार झाली आणि त्यांना पेंग यायला लागली. रजई ओढून आडव्या होणार, इतक्यात फोन वाजला. गेमचं बोलावणं होतं. वर माझं नाव, माझा फोटो. आईंना इतका आनंद झाला की त्या उठून बसल्या. सुनेला पहिल्यांदा खेळावंसं वाटलं आणि आपण झोपायचं, हे बरं दिसत नाही! डाव सुरू झाला. मध्ये मध्ये डोळे मिटायचे, की लगेच फोन टिंग करायचा, 'तुमची पाळी'. त्या दचकून जाग्या व्हायच्या, फासा टाकायच्या, पुन्हा पेंगायच्या, पुन्हा टिंग. असं कितीतरी वेळ चाललं. आणि मग पटावर अक्षरं आली, समोरच्या खेळाडूचं नेटवर्क नाही.

आता आमच्या आईंची एक ठाम समजूत आहे. नेट कुणाचंही जावो, आपण गॅलरीत गेलं की येतं. बहिणीचं वर्ध्यात गेलं तरी या इथे गॅलरीत जाऊन उभ्या राहतात. मित्राने शंभरदा समजावलं, पण छे. त्या दिवशीही त्या उठल्या. पाय लटपटत होते, डोकं जड झालं होतं, तरी भिंत धरत धरत दार उघडून गॅलरीत गेल्या. उभं राहवेना म्हणून खाली बसल्या.

मी म्हटलं, "आई, अहो चक्कर येत होती तर झोपायचं नाही का? कशाला उठलात?"

त्या म्हणाल्या, "तुझा डाव अडला होता ना. पहिल्यांदा खेळून राहिली होती तू. मी झोपली असती तर तू पुन्हा आली नसती."

मी गेम टाकलेलाच नाही, फोन कुलपात बंद होता, हे मी हळूच मित्राच्या कानात सांगितलं.

मित्राने आईंचा मोबाइल उघडला. डाव होता. खरंच होता. वर माझं पूर्ण नाव, शेजारी फोटो, दोघींच्या सोंगट्या अर्ध्या वाटेवर आणि वेळ बरोबर मी मीटिंगमध्ये बसले होते तेव्हाची. ओळखीच्या माणसाशी मांडलेला डाव त्या गेममध्ये तसाच थांबून राहतो, पुसला जात नाही. खाली लिहिलं होतं, वर्षाची पाळी. माझा मोबाइल तिने उलटापालटा करून तपासला. गेम नाही. कधी टाकून काढल्याची खूणही नाही.

मिलिंद धावतपळत परत आला. तो पक्का बुद्धिवादी. म्हणाला, गॅसने भास होतात, आईला भास झाला. बिल्कुल मान्य, पण मग मोबाइललाही भास झाला का? तो डाव मी त्याच्यासमोर धरला. मला वाटलं मित्रानेच आजीची गंमत करायला माझ्या नावाने खातं उघडलं असेल. ती शपथेवर नाही म्हणाली, आणि खातं उघडायचं तर माझ्याच नंबरवर ओटीपी यायला हवा. नागपूरचा भाचा कॉम्प्युटरमधला, तो म्हणाला, वहिनी, सर्व्हरची गडबड असेल. असेल बाबा. पण ती गडबड नेमकी त्या दुपारी, नेमकी माझ्या नावाने आणि एका म्हाताऱ्या बाईला डोळा लागू न देण्याइतकी शहाणी कशी, हे त्यालाही सांगता आलं नाही.

आता आई ठणठणीत आहेत. शेगडी गॅलरीतून आत येत नाही, खोलीची एक खिडकी थोडी उघडी असते, आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन मी हे सांगून आले आहे. मोबाइलवरच्या गेमांबद्दल माझं मत बदललं का? थोडं. मुलं जेवताना मान खाली घालून बसतात ते मला अजूनही बघवत नाही, आणि आईंच्या अंगठ्यावरून आमची रोजची कटकट चालूच आहे. पण ज्या खुळापायी आई कुणाचा फोन घेत नव्हत्या, त्याच खुळाने त्यांना मरणाच्या खोलीतून उठवून बाहेर नेलं. हे मी कसं विसरू?

नीलम भाभींचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले. पण ज्याने माझं नाव घेऊन आईंना जागं ठेवलं त्याचे कसे मानायचे? पौर्णिमेला विहारात वंदनेला बसते तेव्हा मन इतकं भरून येतं, आणि हे कुणापाशी व्यक्त करावं ते कळत नाही. विहारात कुणाला सांगितलेलं नाही. इथेच पहिल्यांदा सांगते आहे.

आणि एक राहिलं. मागच्या रविवारी मी तो गेम माझ्या मोबाइलवर टाकला. म्हटलं, आईंशी एक डाव तरी खेळावा. दुपारची वेळ, आई गॅलरीत उन्हात बसलेल्या. मी हॉलमध्ये. नंबर घातला, ओटीपी आला, तो घातला. नवीन खातं उघडेल, नाव विचारेल असं वाटलं होतं. काही विचारलं नाही. 'पुन्हा स्वागत आहे' अशी अक्षरं आली आणि समोर पट उघडला. त्याच अर्ध्या वाटेवरच्या सोंगट्या. तुमची पाळी.

भीती वाटली नाही, खरं सांगते. मी फाशावर बोट ठेवलं. गॅलरीत आईंचा फोन टिंग वाजला.

"आलं का वं नेट?" आई तिथूनच म्हणाल्या. "खेळ मंग सावकाश. मी बसून आहे इथं."

फाशावर किती पडले ते मला दिसलंच नाही, डोळे भरून आले होते.