ओलं पिल्लू पाहायचं नाही

माझा साळा कोणाच्याच तोंडाकडे नीट पाहत नाही. तो पाय पाहतो. समोर सोयरा येवो, डॉक्टर येवो की मत मागायला आलेला पुढारी, ह्याची मान खाली. लग्नाआधी मला पाहायला आला तेव्हाही हा सगळा वेळ माझ्या पायांवर नजर लावून बसला, आणि घरी जाऊन बहिणीला म्हणाला, "पाय बरे आहेत वं बाई. टाचा फुटल्या आहेत, म्हणजे कामाचा माणूस आहे. तोंड तू पाहून घेजो." तिनं माझ्या तोंडात काय पाहिलं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ही खोड त्याला कोंबड्यांमुळे लागली. उमरेडला त्यांच्या घरी एका बुटक्या जातीच्या कोंबड्या होत्या. अंगानं एवढ्याशा, पण पायांवर थेट बोटांपर्यंत पिसंच पिसं. विकणारे लोक त्यांना बँटम म्हणतात. माझी बायको पायजमेवाल्या म्हणायची. माहेराहून तिनं त्यांची एक जोडी आणली आणि नंदनवन वस्तीतल्या आमच्या अंगणात त्यांचं खानदान वाढवलं. खानदान आमचं, पण कायदा साळ्याचा. पिसांचे पाय ओले झाले की चिखल धरतात, किडे लागतात, म्हणून अंगणात पाणी नको. बायकोला सकाळी सड्याशिवाय चैन पडत नसे. दोघं भावंडं त्यावरून इतकी भांडली की शेवटी तिनं अंगणात विटांची एक ओळ गाडली. ओळीच्या अलीकडे सडा, पलीकडे कोंबड्या. आमचं अर्धं अंगण कायम कोरडं, आणि शेजारच्या बाया विचारायच्या, "पाणी पुरलं नाई काय वं?"

पिल्लू ओळखायचं कसं, ह्यावर तो तासभर बोलतो, आणि ऐकणारा उठून गेला तरी बोलत राहतो. सार इतकंच, की पायाच्या नळीवर आणि बाहेरच्या बोटावर बारीक लव असली तर पायजमेवालं, पाय उघडा असला तर गावरान. "पण ओलं पिल्लू पाहायचं नाई. लव कातडीले चिकटून राहते. ओला पाय खोटं बोलते." हे तो सांगत नसे, ओरडत असे. बायको इकडे उबवणीच्या टोपलीचं झाकण उचलायची आणि हा तिकडून फोनवर चिवचिव ऐकूनच खेकसायचा, "ठेव झाकण! अजून वाळलं नाई ते." ती मला डोळा मारायची आणि झाकण ठेवायची.

एकदा तो उमरेडहून एसटीनं आला तो सदऱ्याच्या खिशात दोन पिल्लं घेऊन. कंडक्टरनं विचारलं, "काका, आवाज कायचा येऊन राहिला?" हा म्हणाला, "पोटाचा. सकाळपासून जेवलो नाई." मागच्या बाईला दया आली, तिनं आपल्या डब्यातली पोळी दिली. ह्यानं एक घास तोंडात टाकला आणि बाकीची पोळी तिच्यादेखत कुस्करून खिशात टाकली. बाईनं घाबरून जागा बदलली.

माझी बायको मागच्या हिवाळ्यात गेली. त्या दिवशीही तो तिच्या पायांशीच बसून होता. तेव्हा कोणी हसलं नाही.

तिच्यामागं कोंबड्याही गेल्या. काही मुंगसानं नेल्या, काही उन्हानं मारल्या. उमरेडला रोग आला आणि त्याचंही खुराडं रिकामं झालं. आमच्याकडची शेवटची कोंबडी मे महिन्यात मेली. टोपलीत थोडी अंडी होती, पण शेजारणीची गावरान कोंबडीही त्याच टोपलीत घालायची, आणि नवीच असल्यानं तिचीही अंडी लहान. कोणतं कोणाचं, कळायला मार्ग नव्हता. मी फोनवर तसं सांगितलं. संध्याकाळी साळा पिशवी घेऊन दारात. "भाऊजी, बाईच्या कोंबडीचं एखादं तरी निघन."

शेजारणीची कोंबडी खुडूक झाली होती, तिलाच त्यानं मागच्या खोलीत अंड्यांवर बसवलं. मग माझ्या खाटेकडचा कुलर उचलून त्या खोलीच्या दाराशी नेला. मी म्हणालो, "अन् मी?" तो माझ्या पायांकडे पाहून म्हणाला, "तुमाले काय उबवायचं आहे जी?" तीन आठवडे मी घामात झोपलो.

अंडी एकेक करून नासली. एकच फुटलं. सकाळी टोपलीत टकटक ऐकू आली, आणि ज्या माणसानं जन्मभर झाकण उचलू दिलं नाही त्यानंच ते उचललं. टरफलातून निघालेलं लिबलिबीत पिल्लू तळहातावर घेतलं, पाय पाहिला.

"उघडा आहे," तो म्हणाला. "संपलं, भाऊजी. बाईचं काही नाई राहिलं."

मला रडणं जमत नाही, रागावणं जमतं. "काहून गा, ओला पाय खोटं बोलते म्हणून मी ओरडत होतो काय जन्मभर? ठेव झाकण!"

पिल्लू मीच कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. तो भिंतीला टेकून बसला. चहा निवला, पोळी तशीच राहिली. "पाय वाळला असन आता," मी दुपारी म्हणालो. तो म्हणाला, "तुमीच पाहा जी. माझ्यानं नाई होत."

मी चष्मा लावला. पिल्लू वाळून कापसाच्या बोंडासारखं झालं होतं. पाय बोटावर घेतला. नळीच्या बाहेरच्या अंगाला, थेट शेवटच्या बोटापर्यंत, पिवळसर लव उभी होती. फुंकर मारली तर हलली. ते नेऊन त्याच्या हातात दिलं.

त्यानं तो पाय खूप वेळ पाहिला. मग मान वर केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमी जेवत नाई काय जी?"

मग त्यानं स्वतःच खिचडी टाकली. खारट झाली होती. आम्ही दोघांनी खाल्ली, पिल्लाला तांदळाची कणी दिली. एकट्या पिल्लानं खानदान वाढत नाही हे त्यालाही समजतं, मलाही. कोंबडा की कोंबडी, तेही इतक्यात सांगता येत नाही.

कोंबड्या संपल्यापासून मी अख्ख्या अंगणात पाणी टाकत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन निघालो, आणि विटांच्या ओळीपाशी थांबलो.