मामाजींची मोटार आणि माझी खबरदारी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, आमच्या घरी राहायला आणायचं, तर आधी त्यांची मोटार आणावी लागणार होती.

सासूबाई गेल्यापासून मामाजी मार्कंड्याजवळच्या त्यांच्या गावी एकटेच राहत होते. सुनंदा, म्हणजे माझी बायको, दोन वर्षं फोनवर रडून, रागावून, अबोला धरून थकली. शेवटी ते भद्रावतीला यायला तयार झाले, पण अट घालून. "गाडी संग येईल. अन् तिच्यावर एक रेघ जरी उमटली, तं मी त्याच ट्रकात बसून वापस येईन!"

गाडी म्हणजे वीस वर्षांची निळी मोटार. इंजिन तीन पावसाळे बंद. (बंद म्हणजे बंदच! खोकायचंही सोडलेलं.) पण मामाजी ती रोज सकाळी पुसायचे. त्या बॉनेटमध्ये बघून दाढी करता आली असती.

निघताना सुनंदानं मला बाजूला घेतलं. "बाबा वापस गेले तं पुन्हा येनार नाई. समजलं का?"

समजलं होतं! म्हणून तर मी आठवडाभर मोबाइलवर मोटारी ट्रकवर चढवण्याचे व्हिडिओ पाहिले होते. आरसे मिटवावेत, अँटेना काढावा, टाकीत तेल कमी ठेवावं, चारी बाजूंनी फोटो काढावेत... मी एकसष्ट फोटो काढले. त्यातल्या अकरांत फक्त माझा अंगठा आला.

ट्रक मिळाला ओळखीच्या गजूभाऊंचा. चामोर्शीला सिमेंट उतरवून ते रिकामेच परत निघाले होते. मामाजींच्या दारात ट्रक लावून त्यांनी माझ्या छातीइतक्या उंच हौद्याकडे बोट दाखवलं.

"जवाईबापू, चढवान कशी?"

"फळ्या आणल्या ना! अस्सल सागवान आहे."

"सागवान हाये. पन आखूड हाये."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. हौद्याला फळ्या टेकवल्या, गावातले आठ जण ढकलायला लावले आणि स्टिअरिंग स्वतः धरलं (व्हिडिओ मी पाहिले होते ना!). गाडी चढू लागली. चढ इतका उभा, की मला समोर फक्त आभाळ दिसत होतं. अर्ध्यावर एक फळी 'कर्रर्र' म्हणाली आणि माझ्या पायानं मला न विचारता ब्रेक दाबला. ढकलणाऱ्यांचा जोर तुटला.

"ब्रेक सोडा!" डावीकडचे ओरडले.

"ब्रेक धरा!" उजवीकडचे ओरडले.

कोणालाच दुखवायला नको, म्हणून मी आळीपाळीनं दोन्ही केलं. आठही जण दोन्ही बाजूंना उड्या मारून पळाले आणि गाडी माझ्यासकट मागे घसरत भाताच्या तणसाच्या ढिगात घुसली. पार आरशांपर्यंत!

मामाजी धावत आले. त्यांनी तणस उपसून मागचा दिवा पाहिला, बंपर पाहिला, हात फिरवून पत्रा पाहिला. मग खिडकीतून आत डोकावले. "गाडीले काई नाई झालं. तुमी?"

एवढ्यात पलीकडून हसण्याचा आवाज आला. समोरच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सखूबाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, जन्म मासेमारीत गेलेला. त्या हसून हसून जाळ्यातच गुंतल्या होत्या.

"काऊन चढवून राह्यले जी गाडीले?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "गाडी पाळीवर आना, अन् ट्रक लावा खाली. आमी नाव-डोंगा ट्रकात असाच भरतो ना!"

सगळ्यांनी गाडी बाजूच्या हलक्या चढानं ढकलत पाळीवर नेली आणि पाळ उभी कापलेली होती तिथे गजूभाऊंनी खालून ट्रक मागे घेतला. हौदा आणि पाळ, दोन्ही एका पातळीत! बोटभराचाही फरक नाही. मधल्या फटीवर माझ्या फळ्या आडव्या पडल्या आणि चौरंगावर गणपती ठेवावा तशी गाडी अलगद आत गेली.

आता बांधायची. मी नवा दोर टपावरून टाकणार, तोच सखूबाईंनी तो हिसकावला.

"आंगावरून नोका टाकू. चाकं बांधा. आंग हलू द्या."

"अहो, हलली तर आदळेल ना!"

"आंग आवळलं तं रंग घासते. पाय धरून ठेवले तं जाईन कुठी?"

त्यांनी चाकांच्या पुढेमागे लाकडाचे ओंडके ठोकले, टायरवर गोणपाटाच्या घड्या ठेवल्या आणि त्यावरून दोर घेऊन हौद्याच्या कड्यांना गाठी मारल्या. बोटं अशी चालत होती, की दोर आपणहून जाऊन बसतोय असं वाटावं. गाठ शिकावी म्हणून मी म्हणालो, "बाई, जरा हळू दाखवा ना."

"हळू केली तं मलेच जमत नाई!"

मामाजींनी त्या गाठी ओढून पाहिल्या आणि समाधानानं मान डोलावली. माझ्याकडे बघून त्यांनी तशी मान लग्नातही डोलावली नव्हती.

मूल गाव सोडल्यावर जंगलातला रस्ता लागला. मी केबिनच्या मागच्या काचेला नाक लावून बसलो. एका वळणावर ट्रक असा खड्ड्यात गेला, की माझं डोकं टपावर आपटलं आणि मामाजींचा चष्मा गजूभाऊंच्या मांडीवर पडला. मागे निळी मोटार फक्त स्प्रिंगांवर एकदा खाली बसली, वर आली आणि होती तिथेच उभी राहिली. मार्कंड्याच्या देवळातलं कोरीवकाम बघावं, तसा मी शंभर किलोमीटर त्या गाठी बघत होतो.

भद्रावतीत एका गोदामाच्या ओट्यावर गाडी उतरवली आणि ढकलत घरी आणली. मामाजींनी तिला तीन फेऱ्या मारल्या. एक चष्मा लावून, एक काढून, एक नुसता हात फिरवत. सुनंदा दारात उभी.

"एक रेघ नाई," मामाजी म्हणाले. "राहतो मी."

सुनंदा रडायलाच लागली. "थांबा! असाच एक फोटो!" असं म्हणत मी बॉनेटवर ऐटीत बसलो... आणि घसरलो. मागच्या खिशात स्कूटरच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

खर्रर्रर्र!

रेघ चांगली हातभर. नकाशातल्या वैनगंगेसारखी, वळणांसकट! सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथे लिहू शकत नाही. मामाजी वाकले, रेघेवरून बोट फिरवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत! मी मनातल्या मनात परतीचा ट्रक शोधू लागलो. पण ते हसत होते. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा, पोट धरून.

"एवढं जंगल पार केलं, अन् घरी येऊन जवायानंच!" ते ओट्यावर बसले. "आता तं जाताच येत नाई मले. या गाडीकडे पाहीन कोन?"

मामाजी राहिले. गाडी अंगणात जाड ताडपत्रीखाली असते. परवा शेजाऱ्यांनी विचारलं, "काकाजी, उन्हानं रंग उडते का?"

"उन्हाचं काई नाई जी," मामाजी म्हणाले. "जवायाले शनिवार-रविवार सुट्टी असते."